प्रतिकारशक्ती वाढवू नका!

मंडळी, आज एका वाक्याशी भांडायचंय. "प्रतिकारशक्ती वाढव रे!" माझ्या आतेभावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. (शौचावाटे रक्त, दिवसातून दहा वेळा धावपळ. आष्ट्यात याला सरसकट 'उष्णता' म्हणतात.) भेटायला येणारा प्रत्येक जण हेच वाक्य ऐकवतो आणि गुळवेलीचं कांडं हातात ठेवतो.

अहो, या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती नको तिथे लढत असते! मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदतात आणि निरोगी शरीर त्यांच्या वाटेला जात नाही. इथे नेमका तोच समझोता मोडतो. दाह आवरणाऱ्या आयएल-१० चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना आतड्याचा दाह होतो, हे १९९३ साली दिसलं. पुढे तसेच उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर दाह झालाच नाही. म्हणजे जिवाणूही लागतात आणि बेलगाम प्रतिकारही. याच आजाराचा भाऊ क्रोन्स. त्याच्या अनेक रुग्णांच्या रक्तात तर पावाच्या यीस्टविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. बिचाऱ्या यीस्टने कुणाचं काय घोडं मारलंय?

आमच्या धंद्यातलं सांगतो. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच सिस्टिम फाईल व्हायरस ठरवली आणि जगभर मशिनं बसली. तेव्हा 'अजून एक अँटीव्हायरस टाका' असं कुणी म्हणालं नाही!

डॉक्टर अ‍ॅझाथायोप्रिन देतात ते ही फौज आवरायला. सकाळी ती गोळी आणि दुपारी 'इम्युनिटी बूस्टर' काढा, हा काय प्रकार? वर 'झाडपाला आहे, अपाय नाही' हे पालुपद. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, वाद झाला. असो. पण अ‍ॅझाथायोप्रिनही यकृताला त्रास देऊ शकतं, म्हणून तर सारखं रक्त तपासतात. त्यात ही भर कशाला?

प्रतिकार दाबणं बिनधोक आहे असं मी म्हणत नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात, ती यीस्टची अँटिबॉडीही दोन्हींत सापडते. क्षय असताना प्रतिकार दाबला तर तो उसळतो. म्हणून इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध देण्याआधी सुप्त क्षय शोधावाच लागतो. रुग्णाला काही विचारायचंच असेल तर ही तपासणी झाली का, ते विचारा. आणि कांडं घरीच ठेवा.