बागेतली सुट्टी कुणाची?

रविवारी संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन बागेत जायचं, ही पुण्यातल्या घरांची जुनी रीत. सारसबाग, संभाजी उद्यान, पेशवे उद्यान आणि नदीकाठचं बंडगार्डन. चाळीतली, वस्तीतली, सोसायटीतली सगळीच माणसं इथे येतात. फार खर्च नाही, मुलांना झोके आणि घसरगुंडी मिळते, म्हाताऱ्यांना बसायला बाक मिळतो, बाहेर भेळ आणि कणीस मिळतं. इतक्या साध्या, निर्मळ करमणुकीबद्दल कुणी तक्रारीचा सूर काढला तर तो कद्रूपणा वाटेल. तरीही एक प्रश्न मला मांडायचा आहे. या सुट्टीत सुट्टी नक्की कुणाला मिळते?

बंडगार्डनचंच उदाहरण घेऊ. नावातलं ‘बंड’ म्हणजे उठाव नव्हे, बंधारा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या मदतीनं मुळा-मुठेवर हा बंधारा झाला. १८६० च्या दशकात शेजारीच दगडी कमानींचा पूल झाला आणि त्याला मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचं नाव मिळालं. पुलाच्या टोकांवरचे सिंह आजही आहेत. नदीकाठची बाग म्हणजे तेव्हा लष्करातल्या साहेबांची आणि मडमांची हवा खायची जागा. स्वातंत्र्यानंतर ती महात्मा गांधी उद्यान झाली, लोकांच्या तोंडी मात्र बंडगार्डनच राहिली. नदीपलीकडे आगाखान पॅलेस आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना तिथे स्थानबद्ध केलं गेलं, आणि तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी कैदेत असतानाच देह ठेवला.

सत्ताधाऱ्यांची बाग सर्वांची झाली ही मोठीच गोष्ट आहे, ती कमी लेखायची नाही. पण फाटक उघडलं म्हणजे जागा सर्वांची झाली, असं होत नसतं. आपल्या महाराष्ट्राला हा धडा फार पूर्वी मिळाला आहे. सरकारी पैशांतून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं. ते दुःख आणि बाईला बाकावर बसता न येण्याचं दुःख यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा एवढाच, की ‘सार्वजनिक’ हा शब्द कागदावर लिहिला की आपोआप खरा होत नाही. तो खरा करायला माणसांना तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

आता रविवारच्या बागेकडे बाईच्या बाजूनं पाहा. सहलीची तिची तयारी दुपारपासूनच सुरू होते. पुऱ्या किंवा चपातीच्या गुंडाळ्या, पाण्याच्या बाटल्या, धाकट्याचे जादा कपडे, सासूबाईंची औषधं, सतरंजी. बागेत पोचल्यावर सतरंजी तीच पसरते, डबे तीच उघडते. मग मुलांच्या मागे धावायचं, पडलं-झडलं पुसायचं, ‘आई, शू लागली’ म्हटलं की जागा शोधायची. घरातले पुरुष गप्पा मारतात, मोबाईल बघतात, अधूनमधून मुलांना उचलून घेतात. ते प्रेमळ नसतात असं नाही. पण त्यांची सुट्टी म्हणजे कामातून सुटका असते, आणि तिची सुट्टी म्हणजे जागाबदल. ओट्यावरचं काम हिरवळीवर येतं. घरी परतल्यावर डबे घासायचे असतात ते वेगळेच.

हे निव्वळ माझं म्हणणं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. त्यात असं दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष असं काम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. आणि असं काम करणारे पुरुष आहेत तरी किती? शंभरातले सुमारे सव्वीस. स्त्रिया मात्र शंभरातल्या एक्याऐंशी. मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, तो आणखी वेगळा.

मग या बाईला मोकळा वेळ मिळतो कधी? गृहिणीला विचारा, कामवालीला विचारा, उत्तर बहुधा एकच येतं. दुपारी. बारा-एक वाजता हातातलं आटोपतं, मुलं शाळेत असतात, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अवकाश असतो. धुणीभांडी करणाऱ्या बायांचंही सकाळच्या घरांचं काम झालेलं असतं आणि संध्याकाळची घरं उघडायची असतात. मधले दोन-तीन तास कुठे बसायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. आणि नेमकं त्याच वेळी आपल्या शहरातल्या बहुतेक सार्वजनिक बागांना कुलूप असतं. बागा सकाळी उघडतात आणि पुन्हा संध्याकाळी. सकाळ नोकरीवर जाण्याआधी फिरणाऱ्यांची, संध्याकाळ घरी परतलेल्यांची. सकाळ-संध्याकाळ याच वेळा बाईच्या स्वयंपाकाच्या. दुपारी बाग बंद ठेवण्यामागे झाडलोट, पाणी घालणं अशी सोय असेल, कुणाचा दुष्ट हेतू असेल असं मी म्हणत नाही. पण वेळापत्रक ठरवताना कुणाचा दिवस डोळ्यांपुढे होता, हे त्यातून कळतंच. मग त्या बाया इमारतीच्या जिन्यात बसतात, किंवा फूटपाथच्या कडेला झाडाखाली.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टी ही त्यांची मागणी होती. ‘घरात काम करणाऱ्या बाईला सुट्टी कशाला?’ असं तेव्हा अनेकांना मनापासून वाटत होतं. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. विश्रांती ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, हे त्या बायांनी आपल्याला शिकवलं. मला वाटतं, तोच विचार थोडा पुढे न्यायला हवा. सुट्टी मिळाली, पण ती घालवायला जागाच नसेल, तर त्या सुट्टीचंही घरकामच होतं.

वस्तीतल्या बायकांच्या एका बैठकीत मी विचारलं होतं, ‘तुमच्यापैकी एकटी बागेत जाऊन कोण बसलंय?’ सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, ‘अहो ताई, एकटीनं बागेत जाऊन करायचं काय?’ दुसरी म्हणाली, ‘कुणी बघितलं तर घरी काय सांगू?’ या दोन वाक्यांत सगळं आलं. बाईनं बाहेर असायचं तर काही काम पाहिजे. भाजी आणायला, मुलाला शाळेतून आणायला, देवळात, दवाखान्यात. नुसतं बसायला म्हणून बसलेली बाई लोकांच्या डोळ्यांना खुपते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हेच मांडलं. बाईला सार्वजनिक जागेत आपलं असणं सतत सिद्ध करावं लागतं, आणि विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हा खऱ्या नागरिकत्वाचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. पुरुष बाकावर आडवा झाला तर तो दमलेला असतो. बाई आडवी झाली तर तिचं काहीतरी बिनसलेलं असतं.

म्हणून ‘ही बाग कुटुंबांसाठी आहे’ असं कुणी म्हटलं की मला थोडी धास्ती वाटते. कुटुंब वाईट म्हणून नव्हे. पण त्या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा असा होतो, की बाई इथे कुणाची तरी बायको, आई, आजी म्हणून येईल. घटस्फोटित, परित्यक्ता, अविवाहित, वसतिगृहात राहणारी नोकरदार मुलगी, दोघी मैत्रिणी, यांनी आपली ओळख काय सांगायची? आणि तरुण जोडपं शेजारी बसलेलं दिसलं की रखवालदारापासून फिरायला आलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना संस्कृतीची आठवण होते. त्या वेळी मुलाला दटावलं जातं, पण मुलीला नाव विचारलं जातं, घरचा फोन नंबर विचारला जातो. भीती कुणाच्या वाट्याला जास्त येते, ते आपण जाणतो.

मुलींचं बाहेर पडणं कधी थांबतं, हेही पाहायला हवं. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात बागांची पाहणी झाली, तेव्हा आढळलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून दिसेनाशा होतात. मोकळं मैदान मोठ्या मुलांच्या ताब्यात जातं आणि मुली कडेनं निघून जातात. नगरपालिकेनं मग १९९९ पासून दोन बागांची रचना बदलून पाहिली. एका मोठ्या मैदानाऐवजी लहान-लहान भाग केले, मुलींना आवडतील अशा खेळांना जागा दिली, वाटा आणि दिवे सुधारले. मुली परत आल्या. दोष मुलींच्या लाजाळूपणाचा नव्हता, आखणीचा होता. आपल्याकडे तर सातवीतल्या मुलीला ‘आता झोक्यावर बसायची का तू?’ असं आपण आयाच विचारतो, आणि तिचा भाऊ दहावीपर्यंत तिथेच क्रिकेट खेळतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं ते सुरक्षिततेचं. ‘दुपारी बागा उघड्या ठेवल्या तर टवाळखोर आणि दारुडे येऊन बसतील. बायकांच्याच भल्यासाठी बंद आहेत.’ ही काळजी खोटी नाही. नदीकाठची बाग तर जास्तच आडबाजूची असते. पण जागा सुरक्षित होते ती कुलपामुळे नाही, माणसांच्या वावरामुळे. दहा बाया गप्पा मारत बसल्या असतील तिथे अकरावीला भीती वाटत नाही. टवाळखोरांना आवरायचं सोडून बाईला घरी ठेवायचं, हा न्याय आपण रस्त्याबाबत, रात्रपाळीबाबत, कॉलेजबाबत ऐकत आलो आहोत. तो तिथे चुकीचा असेल तर बागेतही चुकीचाच.

आज हे बोलण्याला निमित्तही आहे. पुण्यात मुळा-मुठेचा काठ नव्यानं आखण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली, आणि बंडगार्डनच्या आसपासचा काठ त्यात आहे. झाडांचं काय, पुराचं काय, सांडपाण्याचं काय, यावर शहरात वाद झाले, ते होणं गरजेचंच आहे. जलपर्णी आणि दुर्गंधी असलेल्या नदीकाठी कितीही फरशा बसवल्या तरी तिथे कुणी बसणार नाही. पण या सगळ्या चर्चेत आणखी एक प्रश्न यायला हवा. या काठावर पलीकडच्या येरवड्यातली बाई दुपारी एक वाजता, एकटी, खिशात पैसे नसताना, येऊन बसू शकेल का? नदी सुशोभित झाली आणि ही बाई तिथून हटली, तर ती बाग पुन्हा साहेबांचीच झाली म्हणायची.

मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक वॉर्डात निदान एक बाग दिवसभर उघडी असावी. स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह असावं आणि बाईकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. मुंबईत २०११ पासून बायांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली ती याचसाठी, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हा अन्याय त्यांनी मोजून दाखवला. वाटांवर दिवे असावेत, झुडपांच्या आड न जाणारे बाक असावेत, रखवालदारांत बायकाही असाव्यात. आणि बागेची आखणी, वेळा ठरवणाऱ्या बैठकीत कामवाल्या बाया, शाळकरी मुली यांना बोलवावं.

महापालिकेकडे अर्ज करायचाच आहे, पण काही गोष्टी घरातही करता येतील. पुढच्या रविवारी डबा घरातल्या पुरुषानं भरावा, सतरंजी त्यानं पसरावी, धाकट्याला त्यानं न्यावं. तेवढा वेळ बाईनं नदीकडे तोंड करून बसावं. आणि मैत्रिणींनो, आपल्या गटाची पुढची बैठक कुणाच्या घरी चहा-पोहे करून घेण्याऐवजी जवळच्या बागेत घेऊ या. फाटक बंद असेल तर फाटकाबाहेर बसू, आणि तिथेच वेळ बदलण्याच्या अर्जावर सह्या गोळा करू.