दुधातल्या विषाचा उगम पेंडीच्या पोत्यात

सण जवळ आले की दूध तपासणीची मोहीम निघते. टँकर अडवले जातात, भेसळीचे दूध ओतून दिल्याची छायाचित्रे छापून येतात आणि युरिया, डिटर्जंट हे शब्द आठवडाभर घरोघरी ऐकू येतात. ही भीती अगदीच निराधार नाही. पण २०१८ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशातील ११०३ गावा-शहरांतून दुधाचे ६४३२ नमुने तपासले, तेव्हा निघालेले आकडे या चर्चेशी जुळणारे नव्हते. आरोग्याला घातक ठरेल अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सापडली. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मात्र मर्यादेपेक्षा जास्त प्रमाणात ३६८ नमुन्यांत होते. सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात त्याचे प्रमाण अधिक होते, हे आणखी विशेष. २०१९ मध्ये अहवाल जाहीर झाला, दोन दिवस बातम्या आल्या आणि आपण पुन्हा युरियाकडे वळलो.

हे विष दुधात कोणी मिसळत नाही. ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही हिरवट-पिवळी बुरशी मका, भुईमूग, सरकी यांवर उष्ण आणि दमट हवेत वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. शेंगदाण्याचे तेल गाळले की या विषाचा मोठा भाग तेलात न जाता पेंडीत उरतो. ती पेंड गाय-म्हैस खाते, तिच्या यकृतात बी-१ चे एम-१ होते आणि दिवसभरात ते दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही, पाश्चरीकरणानेही नाही. ते दुधातील केसिनला चिकटत असल्यामुळे पनीरमध्ये उलट अधिक साठते. खाद्य बदलले तर मात्र तीन-चार दिवसांत दूध बहुतांशी स्वच्छ होते. म्हणजे उपाय गोठ्यात आहे, डेअरीच्या यंत्रात नाही.

साधा हिशेब करून पाहावा. किलोला १०० मायक्रोग्रॅम बी-१ असलेले खाद्य गायीने रोज ५ किलो खाल्ले, तर तिच्या पोटात ५०० मायक्रोग्रॅम विष जाते. त्यातले २ टक्के दुधात उतरले आणि गाय १० लिटर दूध देत असली, तर लिटरमागे एक मायक्रोग्रॅम होतो. भारतातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपीय संघाची ०.०५. उघड्या डोळ्यांना पेंड चांगली दिसत असतानाही हे घडू शकते.

या विषाची ओळखच मुळी जनावरांच्या खाद्यातून पटली. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग पोहोचला. माणसांचा मोठा धडा आपल्या शेजारीच मिळाला. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पाऊस झाला, काढणीचा मका भिजला, आणि तोच मका आदिवासी कुटुंबांच्या पोटात गेला. कावीळ, मग पोटात पाणी. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या घरांतले कुत्रेही तशाच लक्षणांनी मेले, आणि दोष संसर्गाचा नसून अन्नाचा असावा, या संशयाला त्यामुळे बळ मिळाले.

अशी तीव्र विषबाधा क्वचित होते. यकृतावर रोजच्या थोड्या मात्रेचा होणारा परिणाम अधिक कठीण, कारण तो वर्षानुवर्षे दिसत नाही. शांघायमधील १८ हजारांवर पुरुषांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका साधारण साडेतीन पट, हेपॅटायटिस बी असलेल्यांना सात पट, आणि दोन्ही असलेल्यांना जवळपास ६० पट आढळला. हेपॅटायटिस बी आपल्याकडे दुर्मीळ नाही. म्हणून नवजात बाळाला २४ तासांच्या आत द्यायची त्याची लस हा अफ्लाटॉक्सिनच्या विरुद्धही एक बचाव आहे. कोणत्याही पोत्याच्या तपासणीपेक्षा तो स्वस्त पडतो.

तपासणी सोपी नाही हेही मान्य करायला हवे. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत एखादाच दाणा भयंकर विषारी असतो, आणि वरवर उचललेल्या मूठभर नमुन्यात तो आला नाही तर अहवाल ‘निर्दोष’ येतो. पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी अशा अनेक जागांहून घेतलेला, एकत्र दळलेला नमुनाच भरवशाचा. त्यानंतर पट्टीवर काही मिनिटांत प्राथमिक निकाल मिळतो आणि शंका आल्यास प्रयोगशाळेत नेमके प्रमाण काढता येते. वासावरून किंवा रंगावरून निवाडा करू नये. बुरशी दिसत नसली तरी विष मागे राहिलेले असू शकते.

खरी अडचण सवयीची आहे. घरात शेंगदाणे निवडताना काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे बाजूला काढायची पद्धत उत्तम. पण ते बाजूला काढलेले जातात कुठे? गव्हाणीत. माणसाला नको ते जनावराला, या जुन्या काटकसरीने टाकलेले विष दुधाच्या तांब्यातून परत घरात येते. व्यापारातही हेच. माणसाच्या खाण्याला नाकारलेला मका पशुखाद्याच्या भावाने विकला जातो. संयुक्त पशुखाद्यात बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम ठरलेली आहे, पण आठवडी बाजारातल्या सुट्या पेंडीला ती कोण लावणार?

शेतकऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. संकलन केंद्रावर त्याचे दूध फॅट आणि एसएनएफवर मोजले जाते, भाव त्यावर ठरतो. पेंड कोरडी ठेवली, मका १३-१४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला, पोती जमिनीवर न टाकता फळीवर रचली, याचा एक पैसाही त्याला मिळत नाही. डेअऱ्यांनी गावनिहाय दुधात एम-१ तपासावे, जिथे वाढलेले दिसेल तिथली पेंड तपासावी, आणि खराब निघाली तर बदलून देण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकावी. खाद्यात विष शोषणारी माती मिसळण्याची सोय आहे आणि ती उपयोगी आहे. मात्र सडका माल खपवण्यासाठी तिचा आडोसा होऊ देऊ नये. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक दुधाच्या टँकरपाशी उभे राहतात. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी त्यांच्या बरोबरीने पशुसंवर्धन खात्याने पेंडीच्या गोदामांत शिरावे, तेही मका आणि भुईमूग काढणीनंतर लगेच, दिवाळीच्या छाप्यांची वाट न पाहता.