मांजराचं मायग्रेशन

काही वाद कधीच मिटत नाहीत. विंडोज की लिनक्स, पुण्याची मिसळ की कोल्हापूरची, टॅब की स्पेस. मांजर पाळणाऱ्या मंडळींतला असाच एक अमर वाद म्हणजे वेट फूड की ड्राय फूड. एक पक्ष म्हणतो, दाणे म्हणजे मांजरांचं फरसाण. दुसरा म्हणतो, पाऊच म्हणजे निव्वळ पाण्याचे पैसे. गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. माझं मत विचाराल तर मांजराला दोन्ही खाता आलं पाहिजे. आणि एकावरून दुसऱ्यावर नेताना आपण जी घाई करतो, ती कुठल्याही पाऊच किंवा दाण्यापेक्षा जास्त धोक्याची आहे.

आधी थोडं गणित, सवय जात नाही :)

घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे पन्नासेक ग्रॅम दाण्यांत काम भागलं. वेट फूडच्या १०० ग्रॅममध्ये ८० च्या आसपास. म्हणजे तेवढ्यासाठीच २५० ग्रॅम, ८५ ग्रॅमचे तीन पाऊच. महिन्याला नव्वद. घरभाडं, ईएमआय आणि नव्वद पाऊच असं बजेट मांडलं की माणूस आपोआप दाण्यांच्या पक्षात जातो.

पण हेच गणित पाण्याचं करून बघा. वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी असतं. २५० ग्रॅम खाल्लं की जवळजवळ २०० मिली पाणी पोटात गेलंच. पन्नास ग्रॅम दाण्यांतून जातं जेमतेम चार-पाच मिली. उरलेलं त्याने वाडग्यातून प्यावं अशी आपली अपेक्षा. इथेच गोची आहे. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातली रानमांजरं. त्यांना पाणी मिळायचं ते मुख्यतः शिकारीतून. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि लघवी अतिशय दाट असते. दाणे खाणारं मांजर पाणी जास्त पितं हे खरं, पण एकूण हिशोबात ते सहसा मागेच राहतं. लघवीत खडे होण्याचा इतिहास असलेल्या मांजराला डॉक्टर वेट फूड सुचवतात ते याचसाठी.

लेबल वाचतानाही असाच घोळ होतो. पाऊचवर प्रोटीन १० टक्के, दाण्यांच्या पिशवीवर ३२ टक्के. झालं, दाणे जिंकले! पण पाऊचमधलं ८० टक्के पाणी वजा केलं तर उरलेल्या २० भागांत १० भाग प्रोटीन, म्हणजे ५० टक्के. दाण्यांतलं ८ टक्के पाणी वजा करून येतात ३५ टक्के. मशीनमध्ये दाणा धरून राहायला पीठ लागतंच, त्यामुळे दाण्यांत कार्बोहायड्रेट्स सहसा जास्त असतात. तुलना करायची तर दोन्हीकडचं पाणी काढून करा.

आता दाण्यांची बाजू. आपण सकाळी नऊला घर सोडतो, ट्रॅफिकच्या कृपेने रात्री आठला परततो. मे महिन्यात वेट फूड तासा-दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. दाणे दिवसभर टिकतात, आणि शाकाहारी फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी उघडा ट्यूनाचा डबा ठेवण्यावरून होणारं महाभारत टळतं. मात्र दाण्यांनी दात साफ होतात हे खरं मानू नका. खास दातांसाठी बनवलेले दाणे वेगळे. साध्या दाण्यांकडून ती अपेक्षा म्हणजे चिवडा खाऊन दात घासले म्हणण्यासारखं आहे.

"आमच्या आजीच्या मांजरीने जन्मभर दूध-पोळी आणि सुकट-भात खाल्ला, तिला काय झालं?" हा प्रश्न येणारच. आजीची मांजर रात्री बाहेर जाऊन उंदीर खात होती, तो मेनू आजीला दिसत नव्हता इतकंच. पाचव्या मजल्यावरच्या मांजराला ती सोय नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय निकामी होतं हे १९८७ मध्ये सिद्ध झालं आणि त्यानंतर कंपन्यांनी आपल्या खाद्यातलं टॉरिन वाढवलं. त्यामुळे वेट असो की ड्राय, पाकिटावर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं बघून घ्या. नुसती ग्रेव्ही किंवा ट्रीट म्हणजे जेवण नव्हे.

आता मुख्य मुद्दा, मायग्रेशन. आपल्या धंद्यात जुनी सिस्टिम शुक्रवारी बंद करून सोमवारी नवी सुरू करणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मांजराच्या बाबतीत मात्र तेच शहाणपण कुठे जातं कोण जाणे! "नवीन खात नाही? राहू दे उपाशी, भूक लागली की खाईल झक मारत." निरोगी कुत्र्याच्या बाबतीत हे बहुतेक वेळा निभावून जातं. मांजराच्या बाबतीत हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, आणि त्यातून ते लठ्ठ असेल, तर अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही आणि ते निकामी व्हायला लागतं. मांजर हट्टाने उपाशी राहू शकतं, तुमच्या हट्टापेक्षा जास्त वेळ. मोठ्या मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर सरळ जुनं खाणं द्या आणि डॉक्टरांना फोन करा. पिल्लाच्या बाबतीत तर तेवढीही वाट बघू नका.

शहाणा मार्ग म्हणजे पॅरलल रन. पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवं. मग निम्मं-निम्मं. मग एक भाग जुनं, तीन भाग नवं. सात ते दहा दिवसांत काम होतं, पण दाण्यांवर वाढलेलं मांजर पाऊचवर यायला कित्येक आठवडेही घेतं. आधी दिवसभर भरलेली वाटी बंद करून ठरलेल्या वेळा लावा, म्हणजे जेवायच्या वेळी थोडी भूक असेल. फ्रीजमधलं खाणं थेट देऊ नका, कोमट करा. वास सुटला पाहिजे. वर चार दाणे चुरून घाला. कालवलेलं आवडत नसेल तर दोन वाट्या शेजारी ठेवा. एकूण कॅलरी तेवढ्याच राहतील हे बघा, नाहीतर "दोन्ही देतो" म्हणता म्हणता मांजराची उशी होते. आठवड्यातून एकदा त्याला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

आणि पिल्लू असेल तर पहिल्या काही महिन्यांतच दोन्हींची चव लावा. लहानपणी जे तोंडाला लागलं तेच मांजराला 'अन्न' वाटतं. उद्या आजारपणात डॉक्टरांनी खाणं बदला म्हटलं, किंवा नेहमीचा ब्रँड बाजारातून गायब झाला, की ह्या सवयीची किंमत कळते.

दोन ठिकाणी मात्र इंटरनेटवरचं (माझ्यासकट) कोणाचंही ऐकू नका. मांजराला डायबिटीस असून इन्सुलिन चालू असेल तर ड्रायवरून वेटवर जाताना इन्सुलिनची गरज घटू शकते. डोस तोच ठेवला तर साखर धोकादायक खाली जाते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाटीला हात लावू नका. आणि बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर तो वेट-ड्रायचा प्रश्न राहिलेला नाही. मार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. रात्रीचे दोन वाजले असतील तरी रिक्षा बोलवा. सकाळचा स्टँडअप बुडाला तर बुडू दे.