धारची जळालेली पोथी



घरातील मुलगा किंवा मुलगी वहीत उडणारे घोडे, बोलणारे वृक्ष आणि नकाशावर नसलेली राज्ये रंगवू लागली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘हे खोटेनाटे कशाला लिहावे?’ असे त्यांना वाटते. परंतु उधळ्या पुत्राला प्रत्यक्ष कोणी पाहिले होते? प्रभू येशूने तो दृष्टांत सांगितला आणि ऐकणाऱ्यांना त्यात आपलेच घर दिसले. कल्पित आणि असत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून अशा अद्भुत कादंबऱ्या लिहू पाहणाऱ्या नवलेखकांशी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

माळव्यातील धार नगरीत, अकराव्या शतकात, भोजराजाच्या आश्रयास धनपाल नावाचा जैन कवी होता. अयोध्येचा राजपुत्र हरिवाहन आणि विद्याधरकुळातील राजकन्या तिलकमंजरी यांची अद्भुतकथा त्याने संस्कृत गद्यात रचली. तिची एक आख्यायिका जैन प्रबंधांत आढळते. राजाने कथा ऐकली आणि तिचा नायक आपणास करावे, अशी इच्छा दर्शविली. कवीने ती मानली नाही. संतापलेल्या राजाने पोथी अग्नीत टाकली. कवी खिन्न होऊन घरी बसला असता त्याच्या कन्येने, ऐकून मुखोद्गत झालेला पूर्वार्ध म्हणून दाखविला. उत्तरार्ध कवीने नव्याने रचला आणि ग्रंथाला कन्येचेच नाव दिले.

ही केवळ आख्यायिका असली, तरी तिच्यात बोध आहे. कोणी सूचना केली तर ती कथेच्या हिताची आहे, की सुचविणाऱ्याच्या मानाची, हे पाहावे. पहिली नम्रपणे स्वीकारावी, दुसरी तितक्याच नम्रपणे नाकारावी. शिवाय लिहिलेले घरी मोठ्याने वाचावे. ऐकणारा जेथे जांभई देतो तेथे कात्री लावावी. त्याला दुसऱ्या दिवशीही जे आठवते ते राखावे.

धारच्या शेजारचे देवास संस्थान. तेथील थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार राहिले होते. अर्धवट राहिलेली एक कादंबरी त्यांच्यासोबत होती. पण देवासात ती पुढे सरकेना. मायदेशी परतल्यावर त्यांनी ती पूर्ण केली आणि १९२४ साली ‘अ पॅसेज टू इंडिया’ प्रसिद्ध झाली. तेव्हा अडलेली वही फाडू नये, जपून ठेवावी. पुढे १९२७ साली केंब्रिज येथे कादंबरीवर व्याख्याने देताना त्यांनी अद्भुतकथेचाही विचार केला. अशी कथा वाचकाकडून नेहमीपेक्षा काही अधिक मागते, असे त्यांचे म्हणणे होते. वाचक हे अधिकचे मोल देतो, म्हणूनच त्याची फसवणूक करू नये. पहिल्या प्रकरणात घोडा फक्त रात्रीच उडतो असे सांगितले असेल, तर नायक संकटात सापडला म्हणून दहाव्या प्रकरणात त्याला भर दुपारी उडवू नये. आपण निर्मिलेल्या जगाचे नियम आपणच प्रथम पाळावेत.

धर्मबोधाचे काय? ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या महाकादंबरीचे कर्ते टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते. आपली कृती मुळात धार्मिक व कॅथलिक आहे. प्रारंभी ती नकळत तशी झाली, पुनर्लेखनात मात्र जाणीवपूर्वक, असे त्यांनी १९५३ साली एका जेजुइट धर्मगुरूंना लिहिले. तरीही त्या कथेत कोठे प्रवचन नाही. श्रद्धा दुधातील साखरेप्रमाणे विरघळली आहे. शेवटी चिकटविलेल्या उपदेशापेक्षा, पडत्या काळी दया दाखविणारे एक पात्र अधिक सांगून जाते.

आईवडिलांना आमची एवढीच विनंती, की रात्री रोझरी झाल्यावर मुलाचे एक प्रकरण ऐकावे. आवडले नाही तर का ते प्रेमाने सांगावे. पण वही चुलीत जाऊ देऊ नये. जळालेली पोथी पाठ म्हणून दाखविणारी कन्या प्रत्येक घरात असतेच असे नाही.