जिवाणू सोडाल, पण आधी विहीर तपासा!



युरेनियम शोधणाऱ्या केंद्राच्या अणुखनिज संचालनालयाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. जमिनीखालचे पाणी मोजणाऱ्या केंद्रीय भूजल मंडळाचे विभागीय कार्यालयही नागपुरात. पाणी आणि माती साफ कशी करावी यावर संशोधन करणारी, 1958 साली सुरू झालेली 'नीरी' तीही नागपुरातच. खडकात काय आहे, पाण्यात काय उतरते, ते काढायचे कसे, सारे जाणकार एकाच शहरात! मग काटोल, उमरेड, कळमेश्वरच्या किती शेतकऱ्यांच्या हातात आपल्या विहिरीतल्या युरेनियमचा आकडा आहे?

पाण्यातले युरेनियम मूत्रपिंडावर घाव घालते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. प्रयोगशाळेशिवाय ते कळत नाही.

आता सांगतात, जिवाणू सोडून युरेनियम साफ होते. हे खोटे नाही. पण जिवाणू युरेनियम खाऊन संपवत नाहीत. गोबर गॅसच्या टाकीसारख्या बिनहवेच्या जागी काही जिवाणू प्राणवायूऐवजी लोखंडावर, युरेनियमवर श्वास चालवतात. त्यात विरघळलेले युरेनियम न विरघळणारे होते आणि गाळात बसते. अमेरिकेत कोलोरॅडोतील रायफल गावी युरेनियमच्या जुन्या गिरणीच्या जागेवर 2002 साली जमिनीत अॅसिटेट, म्हणजे शिरक्याच्या आम्लाचा क्षार, सोडला. तिथलेच जिवाणू वाढले आणि काही विहिरींत पन्नास दिवसांच्या आत युरेनियम मर्यादेखाली आले. पुढे लोखंडावर जगणारे जिवाणू मागे पडले, दुसऱ्यांनी जागा घेतली आणि युरेनियम पुन्हा वर चढले. ही गोष्ट नदीकाठच्या रेती-गोट्यांतली. आपल्याकडे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून वाहते. सोडलेले औषध कोणत्या भेगेतून कुठे जाईल, याची हमी कोण देणार?

खरी मेख पुढे आहे. पाण्यात नायट्रेट असले की जिवाणू आधी त्यावर ताव मारतात, युरेनियमकडे बघतही नाहीत. उलट, खाली बसलेले युरेनियम नायट्रेटमुळे पुन्हा विरघळते. टेनेसीतील ओक रिज येथे पाणी उपसून त्यातले नायट्रेट आधी काढावे लागले, मगच जिवाणूंचे काम सुरू झाले. नेब्रास्काच्या संशोधकांनी 2015 साली दाखवले, की अमेरिकेच्या मोठ्या भूजलसाठ्यांत जिथे नायट्रेट जास्त तिथे युरेनियमही जास्त आढळते.

आणि नायट्रेट कुठे आहे? भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातील सर्वाधिक नायट्रेटच्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा आहेत. सगळी पऱ्हाटीची वावरे!

आता साहेब म्हणतील, शेतकरी युरिया फार टाकतो. कोणी टाकायला लावला? ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशवरचे नियंत्रण उठवले, युरिया तेवढा धरून ठेवला. 2010 च्या नव्या अनुदान धोरणातही युरिया बाहेरच. 2024 मध्ये 45 किलो युरिया 266 रुपये 50 पैशांना आणि 50 किलो डीएपी 1350 ला! ज्याच्या कापसाला भाव नाही तो स्वस्त पिशवीच उचलणार. शहराचे मैलापाणीही नायट्रेटच देते. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला जाते. त्याचा जाब महापालिकेला कोणी विचारत नाही.

रायझोबियमची पाकिटे आपण वापरली, फायदा पाहिला. म्हणून जिवाणूंशी आपले वैर नाही. पण उद्या कोणी विहिरीत ओतायची बाटली घेऊन दारात आला, तर पैसे देऊ नका. युरेनियम गाळात बसले की नाही आणि बसलेले राहिले की नाही, हे वर्षानुवर्षे मोजावे लागते. ते बाटलीवाला मोजणार नाही.

मोजण्याचे काम आणि खर्च सरकारचा. प्रत्येक गावच्या पिण्याच्या विहिरीचा आणि बोअरचा नायट्रेट व युरेनियमचा आकडा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. गोंदिया-भंडाऱ्याच्या ग्रॅनाइट पट्ट्यापासून सुरुवात करा, कारण काळ्या पाषाणापेक्षा त्या खडकात युरेनियम जास्त असते. जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल सोबत आणा. नसेल, तर ग्रामसेवकाकडून तसे लेखी घेऊन या.