जुने कपडे फुकट वाटू नका, विका!

दिवाळी जवळ आली की आपल्या सांगली-मिरजेत व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज फिरायला लागतो. 'घरातील जुने, वापरण्यायोग्य कपडे आम्हाला द्या, एखाद्या गरिबाची दिवाळी गोड होईल.' यंदा मला चार ग्रुपवर आला. त्यातल्या एका मंडळाची गेल्या वर्षीची गाठोडी अजून माळ्यावर पडून आहेत, ती गोष्ट वेगळी.

मी एकही कपडा देणार नाही. आणि तुम्हीही देऊ नका, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण आधी पूर्ण वाचा.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर बाहेरगावाहून मदतीचे टेम्पो यायला लागले. एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही पाच-सहा जण कपडे निवडायला बसलो होतो. काय काय निघालं सांगू? चेन तुटलेल्या पँटी, काखेत फाटलेले ब्लाउज, एकेकटे मोजे, लग्नातला शेरवानी कोट, आणि हो, वापरलेली अंतर्वस्त्रं. ज्यांचं घर चिखलात गेलंय त्यांच्यासाठी! धड कपडेही होते, नाही असं नाही, पण ते शोधायला दोन दिवस गेले. नको असलेले तिथंच पडून राहिले आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीत गेले. पाठवणाऱ्यांचं मात्र कपाट रिकामं झालं आणि पुण्यही पदरात पडलं.

फुकट द्यायच्या वस्तूला कुणी तपासत नाही, हे यातलं मूळ दुखणं. तोच शर्ट पन्नास रुपयांना विकायचा म्हटलं तर आपण आधी धुतो, बटण लावतो, इस्त्री फिरवतो. पन्नास रुपये देणारा माणूस शर्ट उलटा करून बघणार, हे आपल्याला माहीत असतं. फुकट घेणाऱ्यानं उलटा करून बघितला तर आपणच म्हणतो, 'बघा, माज!'

आता महागाईचं बघू. जूनमध्ये दोन पोरांचे गणवेश, बूट, पीटीचा वेगळा ड्रेस यात घरातल्या महिन्याच्या किराण्याइतके पैसे जातात. कापड दुकानात बारा-चौदा हजारांवर काम करणारा सेल्समन, रिक्षावाला, खासगी क्लासवर शिकवणारी बाई, यांना आज जुन्या कपड्यांची खरी गरज आहे. ते तुमच्या वाटपाच्या रांगेत उभे राहतील? फोटोसाठी हात पुढं करतील? मेले तरी नाही. आणि का करावेत? त्यांच्या खिशात शंभर रुपये आहेत. त्यांना शंभर रुपयांत धड शर्ट मिळेल अशी जागा नाही, एवढीच अडचण आहे.

'माणुसकीची भिंत' हाही याच जातीचा प्रकार. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात ही कल्पना निघाली, आणि तिथल्या थंडीत एक कोट खुंटीवर अडकवून जाण्याला अर्थ होता. आपल्याकडं तिचं काय झालं? उद्घाटनाला फ्लेक्स, पहिल्या पावसात कपड्यांचा लगदा, आणि महिनाभरात भटकी कुत्री त्यावर झोपलेली.

'उतरलेले कपडे' या शब्दाला आपल्याकडं एक वास आहे, तोही विसरून चालणार नाही. शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत, असं मनुस्मृतीतच लिहून ठेवलंय. वरच्यानं टाकलेलं खालच्यानं घालायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितली ती काय फॅशन म्हणून? कपड्यावरून माणसाची पायरी ठरत होती म्हणून. त्यामुळं फुकट मिळालेला जुना शर्ट आणि विकत घेतलेला जुना शर्ट, कापड एकच असलं तरी अंगावर वेगळे बसतात. जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत घेताना, सेकंड हँड गाडीसोबत पेढे वाटताना आपल्याला कुठं लाज वाटते? कारण ते आपण निवडून, पैसे मोजून घेतलेलं असतं.

आणि हे काम करणारी माणसं आपल्याकडं कधीपासून आहेत. बोहारीण! डोक्यावर पाटी, त्यात स्टीलची पातेली. ती जुन्या साड्या घेते, निवडते, धुते, सांधते आणि बाजारात मांडते. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाऊन बघा, हातगाडीवाला कसा ऐटीत जीन्स निवडत असतो. पण बोहारणीशी आपण एका डब्यासाठी अर्धा तास हुज्जत घालतो, सोसायटीचा वॉचमन तिला गेटवरूनच हाकलतो, आणि तेच कपडे मग मंडळाला 'दान' करतो. एका बाईची रोजीरोटी काढून घ्यायची आणि त्याला समाजकार्य म्हणायचं, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, दुकान काढलं तर पैसेवाले येऊन चांगलं उचलून नेतील. इन्स्टाग्रामवर 'थ्रिफ्ट' म्हणत जुन्या बाजारातला शर्ट पाचपट भावानं विकणारी पोरं आहेतच की. असू देत! कपड्यांचा तुटवडा कुठंय? प्रत्येक कपाट उघडलं की अंगावर पडतंय. तुटवडा आहे तो निवडलेल्या, धुतलेल्या, मापाप्रमाणं लावलेल्या कपड्यांचा. लहान मुलांचे स्वेटर आणि गणवेश यांना वेगळी मांडणी करा, एका घराला किती द्यायचे ते ठरवा, झालं. आणि पैसेवाल्यानं तिथून शर्ट घेतला तर त्या दुकानात शिरायची लाज सगळ्यांचीच कमी होईल.

ऑक्सफॅमवाले १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये हेच करतायत. लोक वस्तू देतात, दुकानात त्या विकल्या जातात, पैसा कामाला लागतो. आपल्याकडं १९९९ पासून काम करणाऱ्या 'गूंज' संस्थेनं वेगळी वाट काढली. गावानं विहीर खणायची, रस्ता करायचा, आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून घ्यायचे. दोन्हीकडं घेणारा ताठ मानेनं घेतो.

आम्ही आठ जण मिळून मे महिन्यापासून फक्त गणवेश, दप्तरं, बूट आणि स्वेटर यांचं दुकान सुरू करायच्या विचारात आहोत. आणणाऱ्याला किमतीचा काही भाग रोख, निवडायला आणि शिवायला दोन बोहारणी पगारावर (एकीशी बोलणं झालंय, तिनं आधी पगाराचा आकडा विचारला, बरोबरच केलं). आरसा आणि कपडे बदलायला आडोसा पाहिजेच, त्यावर तडजोड नाही. मंडईपासून चालत जाता येईल असा, भाडं परवडणारा गाळा हवाय. कुणाचा रिकामा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. कपडे मात्र आत्ताच आणून टाकू नका, ठेवायला जागा नाही.