नदी दुरुस्त करण्याआधी

झाशीच्या सीपरी बाजारातून शिवपुरीच्या रस्त्याला लागले की पुढे पहूज नदी लागते. नदी लहानशीच, पण पुढे जालौन जिल्ह्यात यमुना, चंबळ, सिंध आणि क्वारी यांच्या संगमात पाचवी म्हणून तिचा मान आहे. झाशीजवळ मात्र ती शहराचे सांडपाणी वाहते. अशा नदीच्या सुधारणेचा विषय निघाला की सांडपाणी थांबवण्याच्या जोडीने काठ सरळ करा, दगडी भिंत बांधा, अशाच सूचना पुढे येतात. नदी मुळात कशी होती, हे क्वचितच कुणी विचारते.

आल्प्सच्या मुलखात शास्त्रज्ञांनी ते विचारले. इटलीतली तागलियामेन्तो ही सुमारे १७० किलोमीटरची नदी माणसाच्या हातून बरीचशी वाचलेली आहे. तिथे त्यांनी वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. गोट्यांच्या रुंद पात्रात तिचे अनेक फाटे होतात आणि मोठ्या पुरात जागा बदलतात. पुरात उन्मळून आलेली झाडे मध्येच अडकतात, काहींना पुन्हा पालवी फुटते, त्यांच्या आडोशाला वाळू साठते आणि बेट तयार होते. आपण जे लाकूड कचरा म्हणून उचलून नेऊ, तेच तिथे नदी घडवते!

जर्मनीत म्युनिक शहराने २००० ते २०११ या काळात ईसार नदीचा आठ किलोमीटरचा पट्टा असाच मोकळा केला. कालव्यासारखे पात्र रुंद झाले, काँक्रीटचे काठ निघाले, गोट्यांचे किनारे आले. पुराला जागा मिळाली आणि उन्हाळ्यात मुलाबाळांना पाण्यात उतरता येऊ लागले.

म्हणून ईसारचा नकाशा पहूजवर ठेवायचा का? मुळीच नाही. बर्फाच्या पाण्याची नदी वेगळी, चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढणारी वेगळी. नमुना तसाच खडक, तसाच उतार, तसाच पाऊस असलेला हवा. गोट्यांच्या पात्रात डोह आणि उथळ खळाळ आलटून पालटून येतात. दोन डोहांमधले अंतर बहुधा पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते. म्हणजे वीस मीटर रुंदीच्या नदीत शंभर ते एकशेचाळीस मीटरवर पुढचा डोह. यंत्र लावून तळ एकसारखा केला की हे डोह जातात, मग माशांनी उन्हाळा कुठे काढायचा?

पहूजसाठी असा नमुना बुंदेलखंडातच, ग्रॅनाइटच्या खडकांतून वाहणाऱ्या एखाद्या कमी छेडलेल्या ओढ्यावर शोधावा लागेल. मे महिन्यात पाणी आटल्यावर तिथे गेले, तर कोणते डोह टिकले आणि किती खोल आहेत, हे साध्या काठीनेही मोजता येते.